गरोदर बाई, तान्हं बाळ आणि मलेरिया-जंतांचं औषध : यांचा नंबर कायम शेवटी का?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी आपण इथं पाणी कधी येणार आणि हुरडा पार्टी कुठं करायची यावरच बोलतो, पण आज जरा वेगळा विषय काढते, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या गल्लीत एक मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली बाळंतपणाला. नवरा गडचिरोलीकडे नोकरीला. आली आणि थोड्याच दिवसात थंडी वाजून ताप, एक दिवस आड. रक्त तपासलं तर व्हायव्हॅक्स मलेरिया. डॉक्टरांनी तीन दिवस क्लोरोक्विन दिलं, ताप उतरला, घरी पाठवलं. मग कोणीतरी तिच्या वडलांना सांगितलं की व्हायव्हॅक्सला अजून एक चौदा दिवसाची गोळी असते ती दिलीच नाही, म्हणजे अर्धीच ट्रीटमेंट केली. झालं, वडील तणतणत दवाखान्यात निघाले. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते म्हणून आधी माझ्याकडे आले, नशीब.

तर डॉक्टरांचं बरोबर होतं. ती दुसरी गोळी म्हणजे प्रायमाक्विन. व्हायव्हॅक्सचा परजीवी रक्तातून गेला तरी लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी परत उठतो, त्या झोपलेल्याला मारायला प्रायमाक्विन लागतं. पण ज्यांना जन्मतः जी-६-पीडी एन्झाइम कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. आईची टेस्ट करता येते हो, पोटातल्या बाळाची कशी करणार? म्हणून गरोदरपणात प्रायमाक्विन नाही. क्लोरोक्विनवर सांभाळायचं, ताप आला की लगेच रक्त तपासायचं आणि बाकीचं बाळंतपणानंतर बघायचं.

हे त्यांना समजावून सांगितलं, ते गेले, आणि मग मीच विचार करत बसले. मलेरिया असो की जंत, आई आणि बाळ यांच्यावर जेवढं संशोधन झालंय त्यात एक गोष्ट परत परत दिसते. आजार सगळ्यात जास्त यांना छळतो आणि औषध सगळ्यात उशिरा यांच्यापर्यंत येतं. कारण नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये गरोदर बायकांना घेतच नाहीत, आणि ट्रायल नाही म्हणून नंतर डॉक्टरला द्यायचा धीर होत नाही.

फाल्सिपॅरमचंच बघा, म्हणजे मलेरियाचा जास्त घातक प्रकार. आर्टेमिसिनिनच्या गोळ्या आल्या, जगभर वापरात आल्या, ते शोधणाऱ्या तू योयो बाईंना २०१५ ला नोबेल मिळालं. पण पहिल्या तीन महिन्यातल्या गरोदर बाईला मात्र क्विनाइनच. कडू जहर, कानात घूं घूं, उलट्या, साखर खाली जाणार, सात दिवस दिवसातून तीनदा घ्यायचं, त्यामुळे अर्ध्या बायका कोर्स पुरा करायच्याच नाहीत. डब्ल्यूएचओने आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन (आर्टेमिसिनिनवाल्या गोळ्यांतलीच एक) पहिल्या तिमाहीतसुद्धा चालेल असं सांगितलं ते २०२२ साली! बाकीच्यांना ही गोळी मिळायला लागून वीसेक वर्षं झाल्यावर. आणि हे तरी कशामुळे कळलं, तर थायलंड-म्यानमार सीमेवर आणि आफ्रिकेत कित्येक बायकांनी आपण गरोदर आहोत हे माहीत नसताना त्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यांच्या नोंदी कोणीतरी वर्षानुवर्षं जपून ठेवल्या, मग सगळ्या एकत्र करून क्विनाइनवाल्यांशी तुलना केली. म्हणजे ट्रायल झालीच, फक्त बायकांना न विचारता झाली.

तान्ह्या बाळांचं पण तेच. पाच किलोच्या आतल्या बाळासाठी मंजूर झालेलं मलेरियाचं औषध पहिल्यांदा आलं २०२५ च्या जुलैमध्ये, स्वित्झर्लंडच्या सरकारी संस्थेने मान्यता दिली. तोपर्यंत मोठ्या मुलांची गोळी अंदाजाने तोडून देत होते.

तुमचं काय म्हणणं? जंतांचं पण लिहायचं होतं पण बोटं दुखली.

---

कडक_भाकरी

मॅडम लिहिलंय भारी, पण सोलापुरात मलेरिया कुठाय वो आता? आमच्या गल्लीत सगळे डेंगी नायतर चिकनगुनिया म्हणलालेत. मलेरिया म्हणजे ते गडचिरोली, ओडिशा, जंगलातलं काम. आपल्याकडं डास पण उन्हाने मरत असतील, एप्रिलात माणसं मरायला येतात तर डासाचं काय

आणि लस आली म्हणे ना पुण्यात? सीरमची? ती द्या की पोरांना, संपला विषय.

---

सूक्ष्मदर्शी

@कडक_भाकरी, डास उन्हाने मरत नाहीत, ते आपल्या बाथरूममधल्या ड्रमात मजेत असतात. ॲनॉफिलिस स्टिफेन्साय नावाची जात आहे, शहरात राहणारी, तिला डबकं नको, स्वच्छ साठवलेलं पाणीच लागतं. हौद, टाकी, ड्रम, विहीर. आता नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक घरात काय असतं ते तुम्हीच सांगा.

केसेस कमी आहेत हे मात्र खरं. पण कमी असणं गरोदर बाईसाठी जरा उलटं पडतं. आफ्रिकेत जिथं सतत मलेरिया आहे तिथल्या बाईला लहानपणापासून चावून चावून थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. सोलापूरच्या मुलीला काहीच नाही. ती गडचिरोलीला नाहीतर ओडिशाला जाऊन फाल्सिपॅरम घेऊन आली तर डायरेक्ट सिरीयस होऊ शकते.

लस, आर२१, ऑक्सफर्ड आणि सीरमची, २०२३ च्या ऑक्टोबरात डब्ल्यूएचओने शिफारस केली. ती फाल्सिपॅरमवर आहे, व्हायव्हॅक्सवर चालत नाही, आणि आफ्रिकेतल्या जास्त मलेरियाच्या भागातल्या पाच महिन्यांच्या पुढच्या मुलांसाठी, चार डोस. आपल्या लसीकरणाच्या कार्डात नाही. गरोदर बाईसाठीही नाही. बनते इथून चार तासावर, तो भाग वेगळा.

---

एकरुख_काका

मी हिवताप विभागात नोकरी काढली, आता निवृत्त. थोडं जुनं सांगतो, तरुण मंडळींना माहीत नसतं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे असा सरकारी अंदाज होता. १९५३ ला कार्यक्रम सुरू झाला, डीडीटी फवारणी. १९६१ पर्यंत आकडा पन्नास हजाराच्या आसपास आला. सगळे म्हणाले संपला मलेरिया. मग ढिलाई झाली, डासांना डीडीटीची सवय झाली, आणि १९७६ ला परत चौसष्ट लाख. त्यामुळे कडक भाकरी साहेब, "कुठाय मलेरिया" हे वाक्य आम्ही आमच्या सीनियर लोकांकडून लई ऐकलंय.

मॅडमच्या मुद्द्याशी मी निम्मा सहमत. औषध पाहिजेच. पण तुम्हाला नारू आठवतो का? आमच्या पिढीतल्या लोकांनी बघितलाय, पायातून पांढरा दोरा बाहेर यायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. बाळंतीण असो कोणी असो, महिनाभर खाटेवर. त्याच्यावर आजपर्यंत ना लस ना औषध. तरी भारतातून गेला, शेवटचा रुग्ण १९९६ ला राजस्थानात, २००० साली डब्ल्यूएचओने सर्टिफिकेट दिलं. कसा गेला? पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरायचे ते बंद केलं, हातपंप दिले, पाणी कापडाने गाळायला लावलं, विहिरीत टेमिफॉस हे कीटकनाशक टाकलं. ट्रायल बियल काही नाही. तर गरोदर बाईला गोळी कोणती द्यायची हा प्रश्न दुसरा, तिला डास चावू नये हा पहिला. कोरडा दिवस पाळा, गप्पी मासे सोडा, मच्छरदाणी लावा.

---

आशाताई_दक्षिण_तालुका

नमस्कार. मी आशा आहे, रोज हेच काम. काका बरोबर बोलले पण मच्छरदाणीत गरोदर बाईला झोपवायचं म्हणजे काय असतं ते आमाला विचारा, दोन खोल्या, सात माणसं, ती बाई सगळ्यात शेवटी झोपते आणि दाराजवळ झोपते.

जंतांबद्दल सांगते. चौथ्या महिन्यानंतर आम्ही जंतनाशक गोळी देतो एकदाच, अल्बेंडाझोल ४०० ची, आणि लोहाच्या लाल गोळ्या १८० दिवस. सासवा म्हणतात पोटातल्या बाळाला गोळी लागेल. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते म्हणून बंद करतात, उशीखाली पाकिटं सापडतात मला. आणि ऊसतोडीला आलेल्या बायका, त्यांचं कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात, पोट घेऊन फडात, पायात कधी चप्पल कधी नाही, पाचटात नाहीतर पाटाच्या कडेला शौचाला जातात. त्यांचं एचबी सात आठ निघतं. आम्ही गोळ्या देतो पण त्या पंधरा दिवसात पुढच्या फडावर. कोणी संशोधन करायचं असेल तर यांच्यावर करा म्हणावं.

---

चादरवाला

आशाताईंना नमस्कार, काम ग्रेट आहे तुमचं. पण मला एक शंका आहे, वाईट वाटून घेऊ नका. मी असं वाचलं की जंतांच्या गोळ्या वाटून काही फायदा होत नाही असं संशोधनातच निघालंय, उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर प्रयोग केला आणि वजनात काही फरक नाही. मग दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळाशाळात हा जंतनाशक दिन कशासाठी? आमची आजी वावडिंग द्यायची, तेच बरं होतं.

---

डॉ_बालरोग_बार्शी

@चादरवाला, तुम्ही जे वाचलं ते खरं आहे, देवता नावाची ट्रायल, २०१३ ला लॅन्सेटमध्ये आली. दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल, पाच वर्षं. मृत्यूदरात आणि वजनात म्हणावा असा फरक दिसला नाही. दुसरीकडे केनियात बुसिया जिल्ह्यात शाळेतल्या मुलांना गोळ्या दिल्या तर मुलं शाळा कमी बुडवायला लागली, हे मिगेल आणि क्रेमर यांचं काम, २००४ चं. क्रेमर म्हणजे २०१९ ला अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्या केनियाच्या आकड्यांवर २०१५ मध्ये इतकी भांडणं झाली की लोक त्याला जंतयुद्ध म्हणायला लागले.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. जिथं जंत थोडे आहेत तिथं सगळ्या पोरांना गोळी देऊन सरासरी वजन हलणार नाही, कारण ज्याच्या पोटात जंतच नाहीत त्याचं वजन गोळीने कसं वाढेल? पण ज्याच्या पोटात हुकवर्म, म्हणजे रक्त पिणारा जंत, भरपूर आहे त्याला फरक पडतोच पडतो. अँकायलोस्टोमा जातीचा एक हुकवर्म दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिली रक्त पितो. शंभर असले तर हिशोब करा. आणि हा जंत तोंडाने कमी, अनवाणी पायाच्या कातडीतून जास्त जातो. आशाताईंनी फडातलं जे सांगितलं ते म्हणजे अगदी हुकवर्मला पाहिजे तसं, सावली, ओल, आणि उघडं पाऊल.

गरोदर बायकांसाठी नेपाळच्या सरलाही जिल्ह्यातला अभ्यास वाचण्यासारखा आहे, २००४ चा. ज्यांनी गरोदरपणात अल्बेंडाझोलचे दोन डोस घेतले त्यांच्यात तीव्र ॲनिमिया कमी, बाळांचं वजन सरासरी ५९ ग्रॅम जास्त आणि सहा महिन्यापर्यंतचे बाळमृत्यू ४१ टक्के कमी. मात्र तिथं कोणाला गोळी मिळाली हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे तो पक्का पुरावा म्हणता येत नाही. पक्की ट्रायल झाली युगांडात, एन्टेबे गावी, २५०७ गरोदर बायका. तिथं बाळांच्या लसींच्या परिणामावर काही फरक नाही निघाला. आणि एक भलतंच निघालं, ज्या आयांना अल्बेंडाझोल दिलं त्यांच्या बाळांना एक्झिमा (कातडीला खाज, चट्टे) जास्त झाला! म्हणजे आईच्या पोटातले जंत बाळाच्या प्रतिकारशक्तीला गर्भातच काहीतरी शिकवत असतात बहुतेक. केनियात जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात आईच्या जंतांना ओळखणाऱ्या पेशी सापडल्या आहेत.

म्हणून आता डब्ल्यूएचओ सरसकट सांगत नाही. ज्या भागात गरोदर बायकांपैकी वीस टक्क्यांच्या वर हुकवर्म किंवा व्हिपवर्म हे जंत आहेत आणि चाळीस टक्क्यांच्या वर ॲनिमिया आहे तिथं, पहिली तिमाही संपल्यावर. आपल्या देशात गरोदर बायकांमधला ॲनिमिया २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के निघाला, त्यामुळे दुसरी अट पूर्ण आहे. जंत किती ते मात्र तपासावं लागतं, आणि शौचाचा नमुना द्यायला कोणी तयार नसतं, हसतात.

वावडिंगाबद्दल नंतर बोलू.

---

कडक_भाकरी

डॉक्टर एक विचारू का, पोरगं झोपेत दात खातंय म्हणजे जंत हायत असं आमची आई म्हणते. आणि गोड खाल्लं की जंत होतात. खरं का बे हे

---

डॉ_बालरोग_बार्शी

दोन्ही नाही. दात खाणं आणि जंत यांचा संबंध सिद्ध नाही, आणि साखरेतून जंत जन्माला येत नाहीत, अंडी पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही. चेहऱ्यावरचे पांढरे डाग पण जंतांचे नव्हेत. पण आईला सांगायला जाऊ नका, गोड कमी खातंय ते चांगलंच आहे.

---

पद्मा_अशोक_चौक

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझी आई विडी वळायची, आमच्या भागात घरोघरी तेच. दिवसभर जमिनीवर बसून. माझ्या वेळेला पोटात असताना ती भिंतीची माती खायची म्हणे, सगळ्यांना माहीत होतं, कोणी काही बोलायचं नाही, उलट डोहाळे म्हणून कौतुक. आता माझी वहिनी पण पाटीची पेन्सिल खाते. याने जंत होतात का? आणि दुसरं, वहिनीचं आधी एकदा पोट पडलं तेव्हा एका दवाखान्यात टॉर्च का काय टेस्ट केली, टोक्सो पॉझिटिव्ह म्हणाले, मांजरामुळे होतं म्हणून सासूने घरातलं मांजर नेऊन हिप्परग्याला सोडलं. महिनाभर औषध पण चाललं.

---

डॉ_बालरोग_बार्शी

पद्माताई, बरं केलं लिहिलंत. माती खावीशी वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आधी वहिनीचं एचबी बघा. कारखान्यात बनलेल्या पेन्सिलीतून जंत नाही यायचे, पण अंगणातली माती खाल्ली तर राउंडवर्म, व्हिपवर्मची अंडी जाऊ शकतात, ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात.

टोक्सोप्लाझ्मा पण परजीवीच आहे. ती टेस्ट आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर त्याचा अर्थ एवढाच की पूर्वी कधीतरी इन्फेक्शन येऊन गेलंय. तशा बाईच्या पुढच्या बाळाला सहसा धोका नसतो. धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा इन्फेक्शन झालं तर. आणि मांजर आयुष्यात साधारण एकदाच दोनेक आठवडे ती अंडी टाकतं, टाकल्यावरही एक ते पाच दिवस गेल्याशिवाय ती लागत नाहीत, म्हणजे घाण रोजच्या रोज दुसऱ्या कोणी काढली तरी पुष्कळ. कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी याने जास्त होतं. मांजर परत आणता आलं तर आणा. रिपोर्ट घेऊन वहिनीला स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा परत दाखवा, आयजीजी की आयजीएम (म्हणजे नवीन इन्फेक्शनची शंका) ते नक्की विचारा.

---

चादरवाला

मॅडमना मूळ मुद्द्यावर विचारतो. गरोदर बाईवर औषधाची ट्रायल करा म्हणणं सोपं आहे. तुमच्या घरातल्या सुनेला पाठवाल का? उद्या बाळाला काही झालं तर? थॅलिडोमाइड विसरलात का?

---

सूक्ष्मदर्शी

@चादरवाला, विसरले नाही, उलट हाच प्रश्न यायची वाट बघत होते.

थॅलिडोमाइड हे उलट्यांवर, झोपेवर म्हणून दिलं, १९६१ च्या शेवटी बाजारातून काढलं, तोवर हजारो बाळं हातपाय नसलेली जन्मली. पण ते गरोदर बायकांवर नीट तपासलेलंच नव्हतं! न तपासता दिलं म्हणून घात झाला. त्यातून धडा काय घ्यायला पाहिजे होता, की आधी नीट तपासा. आणि घेतला काय, की गरोदर बाईला संशोधनाच्या दारात उभं करू नका. अमेरिकेत तर १९७७ ला नियम आला की मूल होऊ शकेल अशा कुठल्याच बाईला सुरुवातीच्या ट्रायलमध्ये घेऊ नका, तो पुढे बदलला, पण सवय जगभर राहिली.

बाई आजारी पडायची थांबत नाही ना हो. तिला मलेरिया होतोच, मग डॉक्टर अंदाजाने काहीतरी देतोच. ट्रायलमध्ये निदान पेशंटवर लक्ष ठेवलेलं असतं, सोनोग्राफी होते, बाळाची वर्षभर तपासणी होते, काही दिसलं तर थांबवतात. वॉर्डात अंदाजाने दिलेल्या गोळीची कुठंच नोंद नाही. सुनेला पाठवाल का विचारलंत, पहिल्या तिमाहीत नाही पाठवणार, पण औषध प्राण्यांवर तपासलेलं असेल, दुसऱ्या तिमाहीतला डेटा असेल, आणि तिला समजावून सांगून तिनेच हो म्हटलं तर मी आडवी येणार नाही. ठरवायचं तिने, माझ्याकडे विचारायला येणारच कशाला?

आणि गरोदरपणातला मलेरिया हा वेगळाच आजार आहे म्हटलं तरी चालेल. फाल्सिपॅरम शिरलेल्या तांबड्या पेशी वारेत जाऊन चिकटतात. १९९६ ला फ्राइड आणि डफी यांनी दाखवलं की वारेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाचा पदार्थ असतो त्यालाच त्या धरतात, पुढे परजीवीचं ते चिकटणारं प्रोटीनही सापडलं, व्हीएआर२सीएसए. पहिलटकरणीच्या शरीराने हे प्रोटीन कधी बघितलेलंच नसतं, तिला आधी वारच नव्हती. म्हणून आफ्रिकेत जी मुलगी लग्नाआधी मलेरिया पचवत होती तीच पहिल्या बाळंतपणात आडवी होते, वारेला सूज, बाळाला पोषण कमी, वजन कमी. दुसऱ्या तिसऱ्या खेपेला अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. हे सगळं गरोदर बायकांच्या वारा तपासल्या म्हणून कळलं, दुसऱ्या कशातून कळलंच नसतं. आता या प्रोटीनवर दोन लसींच्या पहिल्या टप्प्याच्या ट्रायल झाल्यात. आणि मालीमध्ये तर मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बायकांना आधीच मलेरियाची दुसरी एक लस देऊन बघितली, २०२४ ला निकाल आला, नंतर गरोदर राहिल्या त्यांच्यात संरक्षण दिसलं. विचारलं की बायका येतात, असं दिसतंय.

---

एकरुख_काका

हे वारेचं मला नवीन आहे. आम्ही बोटातून रक्त घ्यायचो, काचपट्टी करायचो, निगेटिव्ह तर निगेटिव्ह. म्हणजे वारेत असून बोटात न दिसणं शक्य आहे?

---

सूक्ष्मदर्शी

काका, अगदी शक्य आहे, फाल्सिपॅरममध्ये. म्हणूनच आफ्रिकेत जास्त मलेरियाच्या भागात तपासणीची वाट न बघता दुसऱ्या तिमाहीपासून महिन्याच्या अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन ही मलेरियाची गोळी देतात, कमीत कमी तीनदा. आपल्याकडे ते धोरण नाही, इथं लवकर तपासणी आणि उपचार यावर भर, आणि इतक्या कमी केसेस असलेल्या जिल्ह्यात तेच योग्य आहे. व्हायव्हॅक्स वारेत तसा चिकटत नाही, पण म्हणून निरुपद्रवी नाही, थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत अशा आयांची बाळं शंभरेक ग्रॅम कमी भरली.

---

पुण्यातली_सोलापूरकर

छान धागा. मला लोहाबद्दल विचारायचंय. असं वाचलेलं की मलेरियाच्या भागात मुलांना लोह दिलं तर उलट आजार वाढतो? मग आपल्या अंगणवाडीत सिरप देतात ते?

---

डॉ_बालरोग_बार्शी

ते झांझिबारच्या पेंबा बेटावरचं, २००६ चं, डॉ. सुनील सझावल यांच्या टीमचं. तिथं सरसकट लोह-फॉलिक ॲसिड दिलेल्या लहान मुलांमध्ये ॲडमिशन आणि मृत्यू जास्त झाले, ट्रायलचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. मलेरिया जोरात असलेल्या भागात लोह द्यायचं तर मलेरियाचा बंदोबस्त करून द्या, हा त्याचा अर्थ. सोलापुरात मलेरिया तेवढा नाही आणि पाच वर्षांच्या आतली ६७.१ टक्के मुलं देशात २०१९-२१ च्या पाहणीत ॲनिमिक निघाली. सिरप बिनधास्त द्या. ताप चालू असेल तर तेवढे दिवस थांबा.

---

आशाताई_दक्षिण_तालुका

माझे दोन प्रश्न राहिले. एक, हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम असते तेव्हा गरोदर बाई आणि दोन वर्षाच्या आतलं बाळ वगळायचं असतं, यादीत तसं लिहितो आणि पुढे जातो. मग बाळंत झाल्यावर त्या बाईकडे परत कोण जातं? कोणी नाही. पुढच्या वर्षी ती परत पोटुशी असते. मॅडम म्हणतात तो नंबर शेवटी लागायचा प्रकार मी रजिस्टरमध्ये डोळ्याने बघते.

दुसरा, गेल्या पावसाळ्यात एक गरोदर बाई वीटभट्टीवरची, ताप होता, माझ्याकडच्या मलेरियाच्या किटवर निगेटिव्ह आली. मी पाठवून दिलं पीएचसीला तरी, पण किट निगेटिव्ह म्हणून तिचा नवरा न्यायला तयार नव्हता. अशा वेळेला काय सांगायचं?

---

एकरुख_काका

ताई, पाठवलंत ते बरोबर केलंत. किट एकदा निगेटिव्ह म्हणजे सुटका नाही, गरोदर बाईत तर नाहीच. किटसोबत काचपट्टी पण घ्या, जाड थेंब आणि पातळ थर दोन्ही, ताप परत आला की परत घ्या, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी. नवऱ्याला सांगा की किट फक्त बोटातलं रक्त बघतं. आणि उलटंही लक्षात ठेवा, फाल्सिपॅरमचं किट उपचारानंतर काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवत राहतं, त्यावरून परत गोळ्या सुरू करू नका, काचपट्टी बघायला सांगा.

हत्तीरोगाच्या यादीचं मात्र माझ्या नोकरीतसुद्धा कोणी उत्तर दिलं नव्हतं. वगळलेल्यांचा वेगळा कॉलम करा आणि बाळंतपणाची तारीख शेजारी लिहा, पुढच्या मोहिमेला तेवढीच घरं आधी घ्यायची. कागद छापून येणार नाही, हातानेच रेघ मारावी लागेल.

---

आशाताई_दक्षिण_तालुका

रेघ मारते काका. आमच्या गटात बाकीच्या आशांना पण सांगते. कडक भाकरी भाऊ, तुमच्या ड्रमात गप्पी मासे पाहिजेत का, आमच्याकडं पैदास केंद्र आहे, बाटली घेऊन या.

---

कडक_भाकरी

येतो की ताई. बायको पाचव्यात हाय, मच्छरदाणी पण घेतली आज मंगळवार बाजारातनं, खाटेला बसंना म्हणून वरून दोरी बांधलालाव.